गाठ

हडर्सफील्डात चढाशिवाय काही नाही.
इस्पितळही चढावरच.
दर दुसऱ्या मंगळवारी मी बसनं जातो,
पिवळं पुस्तक कोटाच्या आतल्या खिशात,
पासपोर्टासारखं.

नर्स ओक्साना बोट टोचते.
"मिस्टर हॉगेड," म्हणते. होगाडे तिला जमत नाही,
मला तिचं आडनाव जमत नाही. फिट्टंफाट.
थेंब यंत्रात जातो, आकडा येतो.
दोन ते तीनच्या मधे असला की ती मान डोलावते.
खाली गेला तर रक्त गोठायला बघतं,
वर गेला तर थांबायचं विसरतं.
मी मनात म्हणतो, बाई, हे मला नको शिकवू.
सातव्या वर्षापासून इचलकरंजीत कांड्या भरल्यात,
इथं कालव्याकाठच्या गिरणीत एकतीस वर्षं
सुटाचं कापड विणलंय.
ताण कमी पडला की सूत गुंततं,
जास्त झाला की तटकन तुटतं.
माग चालतो तो मधेच.

तपकिरी गोळी, निळी गोळी, कधी गुलाबी.
आणि मेथी आठवड्याला एकच जुडी,
एकदम दोन नाही, एकदम बंदही नाही.
मालन देठ मोजून निवडते.

गेल्या थंडीत डाव्या पोटरीत कळ आली.
गोळा आला म्हणून मालननं तेल चोळायला घेतलं
(डॉक्टरीण तिच्यावर ओरडली नाही,
एवढंच म्हणाली, हे चोळायचं नसतं).
पाय दुधीएवढा. गरम, तांबूस.
पडद्यावर पोरगी दाखवत होती: ही नीला,
दाबली की मिटायला हवी,
ही मिटत नाहीये.
तुटल्या धाग्याला मारतात तशी गाठ,
फक्त धागा तुटलाच नव्हता.
जन्मभर गाठी मारल्या.
मी न मारलेली ही पहिली.

बाकावर समोर असतो पाच वर्षांचा कॅलम, आईला टेकून.
त्याचं उलटं. त्याच्या रक्ताला गाठच बसत नाही.
गुडघा आपटला की सांधा आतल्या आत भरत जातो.
तो माझ्या पायमोज्याकडे बघतो,
मी त्याच्या गुडघ्याकडे.
माझ्यातलं थोडं याला,
पण ही काही शेजारची वाटीभर साखर नाही.

"घरात आधी कुणाला होतं?" डॉक्टरणीनं विचारलं.
नाही म्हणालो. सवयीनं.

मग बस उताराला लागली
आणि अण्णा आठवले. एक्केचाळीसचे.
सुजल्या पायाला हळद-चुना लावून
दोन पाळ्या मागापाशी उभे राहिलेले.
तिसऱ्या दिवशी त्यांनी छातीला हात लावला
आणि खाली बसले.
माग चालूच होता.
कांडी संपलेला धोटा नुसता येत-जात होता,
कापड होत नव्हतं.

वारं लागलं, म्हणाले लोक.
कुणी म्हणालं करणी.
आईनं चुलतीशी बोलणं सोडलं
ते चुलती जाईपर्यंत.
तिच्या मयताला आम्ही पोरं लांब उभी होतो.
चुलतीनं काही केलं नव्हतं.
पायातली गाठ सुटली होती,
फुफ्फुसात जाऊन अडकली होती.
एवढंच.
एवढं कळायला अठ्ठावन्न वर्षं लागली.

तपासणीचा कागद परवा आला.
एक प्रथिन कमी आहे रक्तात, जन्मापासून,
आणि ते असं पुढं देता येतं.

केतकीला फोन लावला. नॉर्विचला असते,
सहावा महिना चालू आहे.
"बाबा, मीटिंगमध्ये आहे, पटकन बोला."
म्हटलं, तुझ्या मिडवाइफला एक सांग,
आजोबा कसे गेले ते.
तपासून घे. पाय जड वाटला तर थांबू नकोस.

पलीकडे दार लावल्याचा आवाज.
मग तीच, लहानपणीच्या आवाजात:
"पण आजोबा तर वारं लागून गेले ना?"

मी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो.
मोजा घोट्याशी गोळा झाला होता, तो वर ओढला.
म्हटलं, थांब,
पहिल्यापासून सांगतो.